बदामाखालचा अर्धा डाव

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. वर्गातल्या तिसऱ्या रांगेतला. पण मी शाळेची पायरी कधी चढलेलो नाही. माझा जन्म एका स्टुडिओत झाला आणि माझ्या वर्गाला तीनच भिंती होत्या. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा उभा असायचा.

मला सुतारकाकांनी घडवलं. रंधा मारून झाला तेव्हा मी असा गुळगुळीत दिसत होतो की मनातल्या मनात खूश झालो. तेवढ्यात काकांनी साखळी उचलली आणि मला बदड बदड बदडलं. का, तर मी जुना दिसायला हवा होतो! वरून काळपट रंगाचं पाणी फासलं. मी जन्मतःच म्हातारा झालो. कुरकुर करायची सवय मला तेव्हापासूनची आहे, तेवढी सांभाळून घ्या.

माझ्यावर एक मुलगी आणि एक मुलगा बसायचे. मुलगी एका जागी टिकत नसे, म्हणून सेटवर सगळे तिला भिंगरी म्हणत. मुलगा साधं पाणी हवं का विचारलं तरी विचारात पडायचा, म्हणून तो ठोंब्या. मालिकेत ती दोघं वर्गमित्र होती. एकमेकांच्या वह्या ढापायची, कडाकडा भांडायची आणि वेळ आली की एकमेकांसाठी मार खायची. मालिका लिहिणाऱ्या लेखिकाताईंनी सुरुवातीलाच सगळ्यांना बजावलं होतं, "यांच्यात प्रेमबीम काही होणार नाही. ही मैत्रीची गोष्ट आहे आणि मैत्रीचीच राहील."

कॅमेरा बंद झाला तरी त्यांची मैत्री बंद होत नसे. दिवे हलवायला वेळ लागे, तेवढ्यात ती दोघं माझ्या पाठीवर, म्हणजे वह्या ठेवायच्या फळीवर, पेन्सिलीने फुली-गोळा खेळत. तिचे गोळे, त्याच्या फुल्या. एकदा डाव अर्ध्यावर होता. तिचा एक गोळा मधल्या घरात, एक कोपऱ्यात. त्याची एक फुली शेजारच्या कोपऱ्यात. आता चाल त्याची. तो नेहमीसारखा विचारात पडला आणि तेवढ्यात शॉटची हाक आली. त्या शॉटमध्ये कॅमेऱ्याने नेमका तो डाव जवळून टिपला. झालं! आधीच्या शॉटमध्ये जे दिसलं ते पुढच्यातही दिसलं पाहिजे, यावर लक्ष ठेवणारी एक ताई सेटवर असते. ती धावत आली.

"याला आता हात लावायचा नाही! हा डाव असाच राहणार."

"अगं ताई, पण चाल माझी आहे!" ठोंब्या कळवळून म्हणाला.

"मालिका संपली की खेळ."

तिने त्या डावावर वार्निशचा हात दिला. पुढे तेच चित्र मालिकेच्या नावामागे रोज झळकू लागलं. भिंगरी त्याला चिडवायची, "अजून विचार चाललाय का?" तो म्हणायचा, "शेवटच्या दिवशी बघ, तुझा रस्ताच अडवतो." दोघं त्या शेवटच्या दिवसाची वाट बघत होती, आणि मीही.

ते माझे सोन्याचे दिवस होते. मुलंमुली सेट बघायला येत आणि मला हात लावून बघत. एक मुलगी तर लेखिकाताईंचा हात धरून म्हणाली होती, "तुमची मालिका लागल्यापासून आई माझ्या मित्राला घरात घेते. आधी दारातूनच घालवायची." लेखिकाताईंचे डोळे भरून आले होते. माझंही लाकूड फुगलं.

मग कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. मालिका बघणारे कमी झाले आणि वाहिनीचे साहेब सेटवर आले.

"लोक विचारतात, यांचं जुळणार कधी?"

"जुळलंय की! मित्र आहेत ते," लेखिकाताई म्हणाल्या.

"मैत्री कोण बघतं हो, ताई?"

लेखिकाताई खूप भांडल्या. शेवटी पर्स उचलून निघून गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

भिंगरी ठोंब्याला खोडरबर देते असा एक जुना शॉट होता. साहेबांच्या माणसांनी तो संथ केला, मागे हळवं गाणं घातलं आणि दिवसभर दाखवला. मित्रांनो, मी तिथेच होतो. ते निव्वळ खोडरबर होतं! ते देताना ती म्हणाली होती, "परत दे हं, चोरा." पण गाण्यात ते कुणाला ऐकू येणार?

झालं, गावभर चर्चा. भिंगरीचे वडील सेटवर येऊन दिग्दर्शकांवर ओरडून गेले. दुसऱ्या दिवसापासून तिच्याबरोबर तिचा मामा येऊ लागला. दिवे हलत असताना तो माझ्यावर, दोघांच्या मधोमध येऊन बसायचा. भिंगरी डाव्या भिंतीकडे बघायची, ठोंब्या उजव्या. मामाच्या वजनाने मी दबलो नाही एवढा त्या दोघांच्या गप्प बसण्याने दबलो.

आणि मग तो दिवस उजाडला. मुलाने बाकावर बदाम कोरलाय आणि मुलीला तो दिसतो, असा प्रसंग होता. बदाम कुठे कोरायचा? तर जिथे लोकांची नजर जाते तिथे. म्हणजे त्या डावावर.

ठोंब्या सुतारकाकांच्या हाताला धरून म्हणाला, "काका, एक फुली टाकू द्या. एकच. मग काय हवं ते करा."

काकांनी ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली. "कालच्या शॉटमध्ये तिथे फुली नाहीये रे."

बघा म्हणजे कमाल! एक फुली चालत नव्हती, पण अख्खा डाव खरवडलेला चालत होता. काकांनी छिन्नी लावली. मी ओरडलो, जिवाच्या आकांताने ओरडलो, पण लाकडाचं ओरडणं लोकांना करकर वाटतं. घर न् घर सोलून निघालं. राहिला तो मधला गोळा, तोही अर्धाच, बदामाच्या आत.

शॉट लागला. भिंगरीने खाली बघितलं. डाव नव्हता. तिने ठोंब्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याचाही चेहरा पडला.

"वा! हेच, हेच हवं होतं!" दिग्दर्शक ओरडले.

ते रडणं घरोघरी दिसलं. लोक म्हणाले, काय प्रेम आहे बघा! कुणाला कळलं नाही की ती मुलं आपली मैत्री गेली म्हणून रडत होती. वडिलांनी भिंगरीला मालिकेतून काढून घेतलं. मालिका गुंडाळली गेली. ज्याची वाट बघितली तो शेवटचा दिवस आलाच नाही.

तेव्हापासून मी गोदामात आहे. कुठे प्रेमाचा प्रसंग असला की मला नेतात, बदाम दाखवतात आणि परत आणून टाकतात. मला त्या बदामाची शिसारी आली आहे.

मध्यंतरी एक उंच माणूस सिनेमासाठी सामान निवडायला आला. मला बघून तो विचारात पडला आणि मी ओळखलं. ठोंब्या! त्याने मला उलटं केलं, पेन्सिल काढली आणि माझ्या पोटावर चौकट आखली. दोन गोळे, एक फुली, सगळं जागच्या जागी. मग त्याने आपली चाल खेळली. पण रस्ता अडवला नाही. फुली भलत्याच घरात टाकली. तिने एक गोळा टाकला की ती जिंकते.

गोदामवाल्याने विचारलं, "साहेब, काय करताय?"

"राहिलेला डाव आहे. एका मैत्रिणीबरोबरचा."

"मग बोलवा की तिला."

"तिच्या घरी अजून माझं नाव काढलेलं चालत नाही," तो म्हणाला आणि मला सरळ करून निघून गेला.

आता गोदाम रिकामं होतंय. जे सामान मोडायचं त्याच्यावर खडूने खूण करतात. काल माझ्यावरही केली.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एका बाकावर एक मुलगा आणि एक मुलगी हसताना दिसली, तर त्यांना हसू द्या. त्यांच्यामध्ये बदाम कोरू नका. ती जखम बुजत नाही. आणि एका जागी न टिकणारी, आता मोठी झालेली कुणी भिंगरी तुम्हाला भेटलीच, तर पाया पडतो, तिला लवकर सांगा, मला मोडायच्या आत सांगा. ठोंब्या खेळला आहे. आता चाल तिची आहे.