तारा पाठीत, रिमोट लेकाच्या खिशात

गिरिजाबाई आणि देवानंद यांचं नातं मायलेकाचं, पण वैर भाऊबंदकीचं. कमरेचं ऑपरेशन फसल्यापासून बाई कण्हत होती आणि शाळामास्तर देवानंदला ते सगळं नाटक वाटायचं. "समद्या वाटूर गावाला ऐकू जावं म्हनून कण्हून राह्यली," असं तो पाहुण्यांसमोर खुशाल सांगायचा. मेल्याच्या पाठीत एकदा ती कळ शिरावी, एवढीच बाईची इच्छा उरली होती.

शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिच्या मणक्यात बारीक तारा घालून त्या कमरपट्ट्यातल्या यंत्राला जोडल्या. त्यातली वीज दुखणं मेंदूपर्यंत पोचू देत नाही. यंत्र नव्या तऱ्हेचं, चालू असलं तरी साध्या मुंग्यासुद्धा येत नाहीत. आठवडाभर चाचणी. दुखणं निम्म्याने उतरलं तर यंत्र कायमचं आत बसवायचं, नाहीतर तारा काढून टाकायच्या. रिमोट देवानंदने स्वतःच्या खिशात घातला. "तुला त्यातलं काय कळतंय?"

दोन दिवस बाईने सुख पाहिलं. सुनेच्या डोळ्यांदेखत चुलीपुढे बसून भाकरी थापल्या. तिसऱ्या दिवशी कळ परत आली, ती दुपटीने.

बोलावं, तर देवानंद तारा काढायला लावून मोकळा होणार. 'बघा, मी म्हनलो न्हवतो?' हे त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं. यंत्र थकलं असेल, आत बसवलं की बराबर चालेल, अशी बाईने मनाची समजूत घातली आणि पदर दातांत धरला. पौर्णिमेला विहारात गेली. वंदना संपेपर्यंत साऱ्या वस्तीसमोर मांडी घालून बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हूं की चूं केलं नाही.

"आता कसं हाय, गिरिजाबाई?" शेजारच्या साळूबाईने विचारलं.

"बिलकुल दुखत न्हाई," लेकाकडे बघत ती ठसक्यात म्हणाली.

चाचणीचा आठवडा भरल्यावर डॉक्टरांनीही तेच विचारलं. तिने तेच उत्तर दिलं. डॉक्टर खूश झाले. तेवढ्यात देवानंदने रिमोट काढून टेबलावर ठेवला.

"तिसऱ्या दिवसापासून बंद हाय हे. मीच केल्तं. एकदा तरी कण्हली का, इचारा तिला. दुखणं डोक्यात हाय, साहेब. मंग कशाला चिरफाड?"

बाईच्या पायाखालची जमीन सरकली. हरामखोर! "दुखत व्हतं, साहेब! लई दुखत व्हतं. याच्यापायी बोलले न्हाई..." आणि इतके दिवस दातांखाली दाबलेलं कण्हणं एकदम बाहेर पडलं.

देवानंद डॉक्टरांकडे बघून हसला. "घ्या. झालं सुरू."