डाव्या कोपऱ्यातलं बिस्किट

"हे काय आहे?" हॉस्पिटलच्या मॅनेजर साहेबांनी पेनाचं टोक काचेवर टेकवलं.

"किडे," मी म्हणालो.

"हॉस्पिटलात किडे?"

"माशांच्या टाकीत, साहेब. तळाच्या खड्यांमध्ये."

पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे ते खड्यांतून वर आले होते आणि काचेला चिकटून वळवळत होते. दिसायला किळसवाणे, मान्य. पण हा प्राणी कोणाच्या अध्यात ना मध्यात. माशांना चावत नाही, झाडांची मुळं खात नाही. तळाशी जे कुजतं ते खातो आणि गप्प राहतो. तो असा वर दिसायला लागला की समजायचं, कोणीतरी टाकीत जास्तीचं खाणं टाकतंय. हे सगळं मी नीट सांगितलं. साहेबांनी खिशातून औषधाची बाटली काढली.

"हे टाका. एका दिवसात साफ. मी वाचलंय."

वाचलंय. हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एकोणीस वर्षं लोकांच्या टाक्यांत हात घालून माझ्या बोटांची कातडी कायमची सुरकुतली, आणि हे चहा पिता पिता मोबाइल चाळून मला शिकवणार.

"एकदम मारले तर सगळे खड्यांतच कुजतील," मी म्हणालो. "पाणी नासेल. दोन दिवसांत मासे उलटे तरंगतील. लिफ्टसमोर बसलेल्या नातेवाइकांना ते दाखवायचंय का तुम्हाला?"

"शनिवारी तपासणी आहे. एक किडा दिसता कामा नये. नाहीतर टाकी काढा, तिथे जाहिरातीचा स्क्रीन लावू."

एवढं बोलून ते गेले. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय. ही सहा फुटी टाकी मी नऊ वर्षांपूर्वी लावली. यातली एकेक पात मी माझ्या हातानं खोचली, आणि आज ते गवत पाण्याच्या वर येऊन आडवं पसरलंय. रोजचं खाणं घड्याळावर चालणारी डबी टाकते. तिचं प्रमाण मी ठरवलंय, नऊ वर्षांत एक दाणा जास्त पडलेला नाही.

मी नळी लावून तळाचा गाळ ओढायला बसलो. झाडं असली की खडे भसाभसा उपसता येत नाहीत, मुळं तुटतात. वीतभर जागा साफ करायची, बाकीची पुढच्या खेपेला. डाव्या कोपऱ्यात नळी घातली आणि बादलीत पिठासारखा गोळा आला. वास घेतला. बिस्किट.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाकीचं झाकण त्या कोपऱ्यात पाइपासाठी कापलेलं आहे, तेवढ्या फटीतून कोणीतरी रोज बिस्किटं सोडत होतं. मी रिसेप्शनवरच्या मुलीला झापलं. रखवालदाराला झापलं. तो बिचारा म्हणाला, "काका, मला मधुमेह आहे, मी बिस्किटाला हात लावत नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार चालला होता, पण तेव्हा मला भान नव्हतं. मी खांबाआड स्टूल टाकून बसलो.

चार वाजता चोर सापडला. साठीच्या एक बाई डाव्या टोकाच्या खुर्चीवरून उठल्या, पर्समधून पुडा काढला, आणि बिस्किटाचा बारीक चुरा करून फटीतून सोडू लागल्या. मासे सगळे त्या कोपऱ्यात धावले.

"मावशी," मी म्हणालो, "तुम्हाला काही कळतं का?"

त्या दचकल्या, पण पुडा लपवला नाही.

"हे बघा. हे किडे. तुमच्या बिस्किटांवर पोसलेत. उद्या ही टाकी उचलून फेकणार आहेत. माझी नऊ वर्षं पाण्यात चालली तुमच्या दोन रुपयांच्या पुण्यासाठी."

"पुण्य कुठलं," त्या म्हणाल्या. आवाज माझ्याइतकाच चढला होता. "बावीस दिवस झाले ह्यांना वर आयसीयूत ठेवून. दिवसातून दहा मिनिटं बघू देतात. मी पाणी पाजायचं नाही, घास भरवायचा नाही, कपाळाला हात लावायचा नाही. सगळं नळ्यांनी. बेचाळीस वर्षं ह्यांना वाढलं मी. आता मी काय करू दिवसभर? हात मांडीवर ठेवून बसू?"

समोरच्याचं बरोबर असलं की मला आणखी राग येतो.

"वरच्यांवर ओरडायचं ते माझ्या माशांवर का काढता?"

"ओरडत नाही. खायला घालते. तुमच्या माशांना चालतं. ते खातात."

तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला. "सापडलं का कोण ते? नाव सांगा. मी रखवालदाराला सांगतो, त्या माणसाला इथे खाली बसूच द्यायचं नाही. भेटीच्या वेळी यावं आणि जावं."

बाईंच्या मुठीत अजून चुरा होता. साहेब माझ्याकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही. नातेवाइकांकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. मला एवढंच दिसत होतं की बाहेर रस्त्यावर बसायला साधा कट्टासुद्धा नाही.

"मीच," मी म्हणालो. "डबीचं माप माझंच चुकलं. खाणं जास्त पडत होतं."

हे वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

"म्हणजे इतके दिवस आम्हाला शहाणपण शिकवत होता ते?" साहेबांना आनंद झालेला दिसला. "टाकी उद्या रिकामी करा. मासे न्या तुमचे. आणि पुन्हा येऊ नका."

बाई काहीतरी बोलायला गेल्या. "तुम्ही गप्प बसा," मी त्यांच्यावर खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्यासाठी मोठं पिंप, चार बादल्या आणि जाळी घेऊन आलो. बाई होत्याच. न विचारता उठल्या आणि बादलीचं झाकण धरून उभ्या राहिल्या.

"माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"झाकण सरळ धरा. उड्या मारतात ते."

निम्मे मासे काढून झाले होते. पाणी निम्म्यावर आलं होतं, गवत काचेला चिकटून लोंबत होतं. लिफ्टमधून एक नर्स बाहेर आली. रोज ती दारातूनच नंबर पुकारते. आज चालत बाईंपर्यंत आली, त्यांच्या कोपराला धरून हळू काहीतरी म्हणाली. बाईंनी झाकण माझ्या हातात दिलं. ओले हात पदराला पुसले, परत पुसले, आणि तिच्याबरोबर लिफ्टमध्ये गेल्या.

मी जाळी हातात घेऊन उभा राहिलो. मग बादलीतले मासे पुन्हा टाकीत सोडले. नळीला पंप लावून पिंपातलं पाणी परत भरलं. गवत सुटं होऊन उभं राहिलं.

साहेब आले. "हे काय चाललंय?"

"आज नाही होणार."

"उद्या तपासणी आहे."

"तपासणीवाल्यांना सांगा, माणूस ऐकत नाही. काय करायचं ते करा. आज मी ही टाकी रिकामी करणार नाही. त्या बाई खाली येतील तेव्हा समोर काहीतरी असू दे."

"कोण बाई?"

बावीस दिवस ती बाई याच्या नाकासमोर बसली होती. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला मनापासून वाटलं. मी हात बादलीत बुडवून ठेवले. तो बडबडत निघून गेला.

मग मी बाईंच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसलो. मला थांबता येत नाही, दुकानात रांग दिसली तरी मी परत फिरतो. लिफ्ट खाली येत होती, उघडत होती. प्रत्येक वेळी दुसरंच कोणीतरी बाहेर येत होतं.