वरची ओळ

कवळ्या बनवण्याच्या त्या कार्यशाळेत खुर्ची एक होती आणि माणसे दोन. सकाळी तो बिजागरीच्या पितळी जबड्यात, गुलाबी मेणावर, वरचे दात बसवी. दुपारनंतर ताई खालचे बसवत. एकाने राजीनामा दिला तर दोघांची ती जागाच बंद, ही मालकांची अट होती. कामात कसूर झाली म्हणून एकाला काढले, तरच बदली माणूस मिळणार होता.

त्याला दुसऱ्या शहरात पूर्ण वेळेची नोकरी चालून आली होती. पण ताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ताईंची सकाळ त्यांच्या उशाशी जाई आणि दुपार पोटामागे. राजीनाम्याचा शब्द त्याच्या ओठांपर्यंत येई आणि तिथेच विरून जाई. अखेर मालकांनीच आपल्याला काढावे म्हणून तो दात वाकडे बसवू लागला. आधी एक सुळा किंचित वळवला, मग अख्खी ओळच कलती केली.

मालकांची हाक मात्र येईना. नव्या नोकरीला होकार कळवण्याच्या शेवटच्या दिवशी मालक खुर्चीपाशी थबकले.

"काय मौनीबाबा! हल्ली काम अगदी रेखीव होतंय तुझं. लग्नबिग्न ठरलं की काय?"

कलती ओळ रेखीव कशी? त्या दुपारी तो घरी गेलाच नाही; दाराआड उभा राहिला. ताईंनी स्पिरिटचा दिवा पेटवला, सुरी तापवली आणि त्याने बसवलेले दात एकेक करून उपटून पुन्हा सरळ बसवायला घेतले.

"ताई, हे तुम्ही रोज..."

"अगंबाई, घाबरवलंस की! होतं रे असं कधीकधी. मन थाऱ्यावर नसलं की हात तरी काय करणार?"

"पण तुम्हाला उशीर होतो."

"शेजारच्या काकू बसतात सासूबाईंजवळ. कुरकुरतात, पण बसतात. तू नको जिवाला लावून घेऊस. मी आहे तोवर तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही."

"ताई, मला खरं तर..."

"कळतंय मला. सांगायलाच हवं असं नाही. ये, तो सुळा तेवढा सरळ कर, म्हणजे आज मला लवकर सुटता येईल."

त्यांनी सुरी पुढे केली. ती घेताना त्याला दिसले, त्यांच्या बोटांवर मेणाचे कितीतरी ताजे चटके होते.

तो बसला. त्या दुसऱ्या शहरातले कार्यालय बंद होण्याची वेळ झाली आणि टळूनही गेली. सुळा जागेवर आला. ताईंनी जबडा मिटून खिडकीच्या उजेडात धरला. वरची ओळ खालच्या ओळीवर अचूक टेकली होती. प्रकाश आत शिरावा एवढीही फट कुठे राहिली नव्हती.

"बघ," ताई समाधानाने म्हणाल्या, "जमतंय की तुला!"