मुखरूभाऊची बारी आणि तीन टिंबं

मुखरूभाऊचा आवाज त्याच्याआधी गेला. लकव्याने पहिला घाव घातला तो जिभेवरच. ज्या माणसाने चाळीस वर्षं नागपंचमीला अख्ख्या गावासमोर बसून बारी म्हटली, तो आठ महिने खाटेवर पडून नुसते डोळे फिरवत राहिला आणि दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला. भागीरथाबाईला विचाराल तर ती सांगेल, माणूस माझा दोनदा गेला, आणि पहिल्यांदा गेला तेव्हाच मी जास्त रडली.

बारी म्हणजे नागाचं गाणं. कुरखेडा तालुक्याच्या त्या टोकाला, जिथे धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं, तिथे साप चावला असं कोणी म्हणत नाही. पान लागलं म्हणतात. पान लागलेल्या माणसाजवळ बसून बारी म्हणायची, त्याला झोपू द्यायचं नाही, घाबरू द्यायचं नाही, ही जुनी रीत. पण मुखरूभाऊ काही येडा नव्हता हो! तो आधी गाडी बोलवायचा, मग तोंड उघडायचा. बैलगाडी होती तेव्हा बैलगाडीत, टेम्पो आले तेव्हा टेम्पोत, त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्याच्या दारापर्यंत गात जायचा. सुई टोचली गेली की बाहेर येऊन चहा मागायचा. "गाण्यानं जहर नाई उतरत, भेव उतरते," असं तो कोणालाही सरळ सांगायचा. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

या बारीचा एक व्हिडिओ होता. कुरखेड्यात लग्नाची शूटिंग करणाऱ्या निकेशने पाच वर्षांपूर्वी मुखरूभाऊला त्याच्याच घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत बसवलं, ढोलकीवर त्याचा जोडीदार हरिदास, आणि दहा मिनिटांची बारी उतरवून आपल्या चॅनलवर टाकली. जगात मुखरूभाऊचा आवाज कुठे उरला असेल तर तेवढ्या दहा मिनिटांत. लकव्याच्या दिवसांत भागीरथाबाई तोच व्हिडिओ लावून फोन त्याच्या कानाशी धरायची. तो गेल्यावर ती स्वतःसाठी लावू लागली. बांधीतून आली, हातपाय धुतले, चुलीवर अंधण ठेवलं, की फोन तांदळाच्या डब्याला टेकवायचा आणि बारी लावायची. मग भात शिजेपर्यंत घरात नवरा असायचा.

व्हिडिओखाली चौदा जणांनी लिहिलेलं होतं. सगळे गावचेच. "एक नंबर भाऊ", "आमच्या गावची शान", आणि कोणीतरी नुसते हात जोडलेले.

यंदा नागपंचमीला काय झालं देव जाणे. कोणी तो व्हिडिओ कुठे पाठवला, तिथून तो कुठे गेला, आणि तीनशे लोकांनी पाहिलेली बारी आठवड्यात चार लाखांवर गेली. चंद्रपूरला नर्सचं काम करणाऱ्या लेकीचा, पुनमचा, आनंदाने फोन आला. "आई, बाबा फेमस झाले ना वो!" भागीरथाबाईने त्या दिवशी शेजारच्या कलाबाईला बोलावून गूळ वाटला. आणि मग दुपारी, चौथीपर्यंत शिकलेली ही बाई, एकेक अक्षर लावत खालचं वाचायला बसली.

पहिल्याच माणसाने लिहिलं होतं, "या म्हाताऱ्याने गाणी म्हणत किती जणांचे जीव घेतले असतील? जेलात टाका."

चूक निकेशचीही होती. बारीच्या आधी मुखरूभाऊ दोन वाक्यं बोलला होता. पहिलं, की आमी बारी म्हणून माणसाले झोपू देत नाई. दुसरं, की दवाखान्यात पोहोचेपर्यंत. व्हिडिओ लांबतो म्हणून निकेशने दुसरं कापलं होतं. झालं! एवढ्याशा तुकड्यावर साऱ्या महाराष्ट्राने दंड थोपटले. एक शास्त्रवाला लिहायचा, विष म्हणजे प्रथिन, ते आवाजाने मरतं का रे गाढवांनो? दुसरा त्याच्याहून मोठा शास्त्रवाला, तो सांगायचा की ध्वनिलहरींनी रक्त शुद्ध होतं, परदेशात सिद्ध झालंय, आपल्याच लोकांना किंमत नाही. तिसरा म्हणायचा, विज्ञान सोडा, तिथे डॉक्टर का नाही ते तुमच्या सरकारला विचारा. की लगेच चौथा, सत्तर वर्षं तुमचंच होतं ना? पुढे दोनशे माणसं त्याच्यावरच, दवाखाना राहिला बाजूला आणि एकमेकांच्या आया-बहिणींपर्यंत गोष्ट गेली. गाण्यावाल्यांचं आणखी निराळं. हा सारंग राग आहे, नाही हा सारंग नाही, ही चाल आमच्याकडून चोरली, याला गाणं म्हणतात का. सपरीत बसून डोळे मिटून गाणाऱ्या त्या म्हाताऱ्याशी यातल्या एकाचंही देणंघेणं नव्हतं.

भागीरथाबाईने तीन दिवस ते वाचलं. एकदा धीर करून लिहिलंसुद्धा, कलाबाईच्या सुनेला सोबत घेऊन, अर्धा तास लावून: "ते सोबत दवाखान्यात जात होते. एकही माणूस मेला नाही. मी त्यांची बायको." दहा मिनिटांत उत्तर आलं. "काकू, हे लिहायचे किती पैसे मिळाले? खोटं अकाउंट." त्या उत्तराला सत्तर जणांनी अंगठा वर करून दाद दिली होती. आता संध्याकाळी फोन डब्याला टेकवला की बारी सुरू व्हायची, पण तिचे डोळे खाली सरकायचे. नवरा गात असायचा आणि त्याच्या पायाशी लोक थुंकत असायचे. तिला ऐकूच येईना. एका संध्याकाळी भात करपला तेही तिला कळलं नाही.

हरिदासला हे कळलं आणि तो पेटला. तोंडाचा फटकळ, अंगाने काटकुळा, पण मुखरूभाऊसाठी जीव टाकणारा माणूस. "अवो वहिनी, तुमी एकट्या वाचून रडून राह्यल्या, आन आमी का मेलो का?" असं म्हणत त्याने रविवारी सकाळी समाजमंदिरात गाव गोळा केलं. धानाचं रोवणं आटोपलं होतं, माणसं मोकळी होती. ज्याच्याकडे फोन तो फोन घेऊन आला. चाळीसेक तरी असतील.

पुनमला फोन लावून आवाज मोठा केला. ती ड्यूटीवर होती, मागे कोणीतरी तिला हाका मारत होतं.

"खराब कमेंट दिसली का, बाजूले तीन टिंबं असतात," ती घाईने म्हणाली. "ते दाबा आन रिपोर्ट मारा. जेवढे जास्त लोक मारतीन, तेवढं लवकर निघते. ठेवतो हरिदासकाका, मले बलावून राह्यले." फोन कटला.

आता तीन टिंबं त्या पानावर एके ठिकाणी असतात का? कमेंटच्या बाजूला असतात, तशी व्हिडिओवरही असतात. कमेंटची टिंबं मुंगीएवढी. व्हिडिओची मोठी, लगेच सापडणारी. हरिदासला सापडली ती मोठी. दाबली, तर खाली झेंड्याचं चित्र आणि शेजारी रिपोर्ट असं लिहून आलंच. "सापडलं!" तो ओरडला. मग यादी आली, तक्रार कशाबद्दल आहे ते विचारणारी. हरिदासने मोठ्याने वाचली. "घातक" या शब्दावर त्याचं बोट थांबलं. "हेच. भाऊले घातक म्हणणारे हेच मादरबखत. साऱ्याईनं हेच दाबा."

"पयले वहिनीले दाबू द्या," कोणीतरी म्हणालं. "मान त्याईचा."

नारळ फोडायला पुढे करतात तसं तिला पुढे केलं. भागीरथाबाईने लुगड्याच्या पदराला अंगठा पुसला आणि दाबला. मग चाळीस अंगठे पडले. ज्यांचे पोरगे बाहेर होते त्यांनी त्यांना फोन केले. मुलचेऱ्याकडे दिलेल्या पोरी, अहेरीला कामाला गेलेले भाचे, साऱ्यांनी टिंबं शोधली आणि झेंडा दाबला. गाव असं एका मनाने कोणत्याच कामाला लागलं नव्हतं, निवडणुकीतही नाही. कलाबाईने सगळ्यांना काळा चहा केला. भागीरथाबाईला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं, नवऱ्याच्या पाठीमागे गाव उभं आहे असं वाटलं, आणि ती तिथेच सर्वांसमोर रडली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने अंधण ठेवलं, फोन डब्याला टेकवला, तर पडदा काळा. पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं, हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही. तिला वाटलं रिचार्ज संपला. कलाबाईच्या फोनवर पाहिलं. हरिदासच्या फोनवर पाहिलं. सगळीकडे तेच.

पुनमला फोन लावला. ती आधी म्हणाली, नेटवर्क नसेल. मग म्हणाली, थांब, बघतो. मग तिचा आवाज बदलला. "आई, तुमी कोणते टिंबं दाबले वो? कमेंटचे का व्हिडिओचे?"

भागीरथाबाईने हरिदासकडे पाहिलं. हरिदासने आपला फोन काढला, टिंबं दाखवायला लागला, आणि काळ्या पडद्यावर त्याचं बोट नुसतं फिरत राहिलं.

"मी नीट सांगाले पायजे होतं," पुनम रडत म्हणाली. "मीच नीट नाई सांगतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने भागीरथाबाई आणि हरिदास कुरखेड्याला गेले. निकेशच्या दुकानात लग्नाचे अल्बम लावलेले होते. भागीरथाबाईला पाहताच तो खुर्चीवरून उठला.

"काकू, मी तुमच्याकडंच येणार होतो. लोकाईनं तक्रारी केल्या ना. घातक उपचार दाखवते म्हणून काढून टाकला त्याईनं. मी दोनदा अर्ज केला. माणूस असता तं पाय धरले असते, पण तिकडं माणूसच नाई."

"तुह्याजवळ तं असन ना रे बापू," ती म्हणाली. "तुह्या कॅमेऱ्यात."

निकेशने मान खाली घातली. पाच वर्षांत त्याने दोनशे लग्नं केली होती. जागा पुरत नव्हती. तिकडे टाकलंय, आता ते कायमचं आहे, असं समजून त्याने जुनं सगळं पुसलं होतं. आणि गावात कोणी तो व्हिडिओ आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला नव्हता, कारण रोज दाबलं की दिसायचाच.

"मीच मारलो माह्या भाऊले," हरिदास एकदम बोलला आणि दुकानातच खाली बसला. "जित्ताजागता होता तो. मीच मारलो." निकेश त्याला पाणी द्यायला उठला. भागीरथाबाई मात्र रडली नाही. ती विचारत राहिली, काहीच नाही का उरलं, थोडंसंही, एखादी ओळही.

"फोटो हाये एक बारका," निकेश म्हणाला. मग अडखळत म्हणाला, "आन कमेंटा हायेत. एक एक कमेंट आली का मले मेलवर चिठ्ठी येते, पूर्ण कमेंट लिहून. त्या नाई पुसल्या."

म्हणजे बघा, गाणं गेलं होतं आणि शिव्या मात्र जपून राहिल्या होत्या. हरिदास म्हणाला, आग लाव त्याईले. पण भागीरथाबाई स्टूल ओढून बसली. "वाच," ती म्हणाली.

निकेशने वाचायला सुरुवात केली. सरकार, विष, धर्म, रक्त, सारंग. तो लाजत लाजत वाचत होता, घाण शब्द गाळत होता. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्याने परत पाठवलं. तासाभराने एक लांबलचक आली. लिहिणारा कोणी पुण्याचा संगीत शिक्षक, भारी रागावलेला. असल्या गाण्याला डोक्यावर घेणाऱ्यांसाठी गायकाच्या चुका वेळेसकट देतो, असं त्याने वर लिहिलं होतं.

"एक मिनिट बारा सेकंद," निकेश वाचू लागला, "ऐन सुरुवातीला घसा खाकरतो. दोन मिनिटं अठरा, नागोबा या शब्दावर आवाज चिरतो. तीन मिनिटं पाच, श्वास पुरत नाही, ओळ अर्धी सोडून देतो."

भागीरथाबाई पुढे सरकली.

"चार चाळीस, गाता गाता चक्क हसतो. गांभीर्य नाही."

"बकरीनं खांद्यावरचा दुपट्टा चावला होता त्याईचा," ती हळूच म्हणाली.

"सहा वीस, डावीकडे कोणाकडे तरी पाहून मान हलवतो आणि ताल सोडतो."

"तिकडं मी होती. दारात."

निकेशने पडद्यावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. तो थांबला. तिने हातानेच पुढे वाच असं सांगितलं. "नऊ मिनिटं पन्नास. शेवटचा स्वर खाली उतरतो, आणखी उतरतो. कुठे थांबायचं ते या माणसाला कळत नाही."

भागीरथाबाईने डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. तिने ते तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा निकेशने कागदावर छापून दिलं, मोठ्या अक्षरात, तिला लावता येईल असं. तिने कागदाची घडी घातली, उठली, आणि दारातून परत वळली.

"त्या मास्तराले लिहिजो बापू," ती म्हणाली. "बरोबर हाये म्हणा तुमचं. दम पुरतच नव्हता त्याईले. लई ध्यान देऊन ऐकलं म्हणा तुमी."

"काकू," निकेश म्हणाला, "आता लिहिता नाई येत. जिथी लिहाचं ते पानच नाई राह्यलं."