लिंबाच्या रक्ताने केरू बाद

मांडवीच्या क्लबसमोर शंभरेक माणसं दाटली होती. लिंबूबाबांनी डोळे फिरवले, "संघात पनवती आहे, एकही गोल न मारलेला केरू!" अशी गर्जना केली आणि लिंबू चिरलं. लाल रस टपकला.

"रगात!" माझ्या शेजारी उभा भिकाजी ओरडला. गर्दी दोन पावलं मागे.

केरू फुटबॉल संघाच्या मधल्या फळीत खेळायचा. त्याच्यासह संघ चार सामने जिंकला. मग त्याचा पाय मुरगळला. तो मैदानाच्या काठावर बसून राहिला आणि संघ दोन सामने हरला. काठावरून त्याची नजर लागली, असा बाबांचा निकाल. आता पाय बरा होता, पण कप्तान हमीदने उद्याच्या अंतिम सामन्यातून त्याचं नाव खोडलं.

"ह्येनं एकपण गोल मारला नाय, ता बाबांस्नी कसा कळला?" भिकाजीने मला विचारलं.

"गोल मारणाऱ्यांची यादी क्लबच्या दारावर लावलीय. बाबांना वाचता येतं."

"पण बाई, रक्त?" हमीद म्हणाला. तो माझा जुना विद्यार्थी.

मी बाबांचीच सुरी उचलली आणि बाबांच्या नावाने दुसरं लिंबू कापलं. तेही लाल!

"म्हंजे बाबाच पनवती!" गर्दीतली हौसा मावशी खिदळली.

"सुरीला जास्वंद चोळून वाळवलीय. आंबट रस लागला की ती लाल होते," मी सांगितलं.

"मग आम्ही का हरलो?" हमीदने विचारलं.

प्रश्न रास्त होता. सगळ्या सामन्यांत कोण कोणाला चेंडू देतो, ते मी वहीत टिपलं होतं. दारावर खडूने अकरा ठिपके काढले, पासांच्या रेघा जोडल्या. बहुतेक रेघा केरूवरून जात होत्या. त्याचा ठिपका पुसताच बचाव एकीकडे, आघाडी दुसरीकडे.

"केरू असताना हारुनकडे सामन्यात वीसेक चेंडू पोचायचे. नसताना पाच. तुम्ही फक्त गोल मोजलेत."

सर्वाधिक गोल मारणारा हारुन ओशाळला. "खरं आहे. तो देतो तेव्हा मी नुसता पाय लावतो."

"रेघांत दैवी शक्ती नसते!" बाबा कडाडले.

"लिंबातही नसते."

केरू रेघांजवळ आला. "बाई, एवढे पास मी दिले?"

"एवढेच नाही. काही टिपायचे राहिले."

हमीदने यादीत नाव पुन्हा लिहिलं. "केरू, उद्या साडेतीनला. उशीर करू नको."

"उद्या जिंकू ना, बाई?" भिकाजी.

ते मला कसं ठाऊक असणार? समोरचा संघही खेळायलाच येणार आहे. हरलो तर कारण मैदानात शोधा. आणि कुणाला पनवती ठरवण्याआधी, कृपा करून, एकदा मोजून बघा.