पाठ केलेला तक्ता

पणजोबा घड्याळजी, आजोबा घड्याळजी, वडीलही घड्याळजी. चौथ्या पिढीत दुकानातल्या घड्याळदुरुस्तीच्या बाकावर मुलगीच बसणार, हे घरात ठरलेलेच होते. शाळेत डोळे तपासायला डॉक्टर येणार, असे कळताच वडिलांनी तसलाच अक्षरांचा तक्ता पैदा केला आणि परीक्षेसारखा तिच्याकडून घोकून घेतला.

"आपल्या घराण्यात कुणाच्या नाकावर चष्मा चढलेला नाही. खाली बघायला लावू नकोस!"

तपासणीत मुलीने डॉक्टरांना सगळ्या ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. तिच्या डाव्या डोळ्यापुढे नुसते धुके होते, हे उघडकीस आले तेव्हा फार उशीर झाला होता; वेळीच उपचार न झाल्याने आळशी बनलेला तो डोळा आता चष्म्यालाही दाद देईना. एकाच डोळ्याने घड्याळाच्या बारीक चाकांतले अंतर तिला कधी जोखता आले नाही. बाक चुलतभावाकडे गेला.

म्हातारपणी वडिलांनाच अंधुक दिसू लागले. दवाखान्यात डॉक्टर पाठमोरे होताच ते कुजबुजले, "पोरी, खालची ओळ सांग ना. शोभा नको."

"सांगते की, बाबा. तुमचीच तर शिकवण."

तिने सांगितले तसे ते बोलत गेले. डॉक्टर म्हणाले, "वा! नजर उत्तम आहे, उपचारांची गरज नाही."

वडील ताठ मानेने निघाले. मुलीने त्यांचे ऋण अक्षर न् अक्षर फेडले होते.