चर्चमधलं प्रॉम्प्टिंग

अक्कांनी बत्तीस वर्षं नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, ओळीवर बोट, आणि नट अडखळला की त्याच्यापुरता, फक्त त्याच्यापुरता, पुढचा शब्द द्यायचा. पहिल्या रांगेला ऐकू गेला तर ते प्रॉम्प्टिंग नव्हे, बोंबाबोंब. भल्याभल्यांची अब्रू अक्कांनी अशी वाचवली होती आणि एकानेही कधी साधे आभार मानले नव्हते, हेही त्या ऐकवल्याशिवाय राहायच्या नाहीत.

त्यांचा धाकटा भाऊ चर्चचा पाळक. आजारपणातून उठला, पण तेव्हापासून शब्द त्याला दगा द्यायला लागले. भर उपासनेत दोनदा त्याची दातखीळ बसली. चर्च कमिटीचे अध्यक्ष टेलरमास्तर. माणूस सरळ, पण बोलणं फटकळ. त्यांनी तोंडावरच सांगितलं, "पाळकसाहेब, हा रविवार बघू. पुन्हा अडलात तर दुसरा पाळक आणावा लागेल."

सव्वीस वर्षं ज्याने तिथे लग्नं लावली, बाळांना बाप्तिस्मा दिला, त्याला हे ऐकून अन्न गोड लागेना.

"मी काय मेले का?" अक्का कडाडल्या. "ऑर्गनमागे स्टूल टाक. मी बसते."

शनिवारी दुपारी त्यांनी रंगीत तालीमच लावली. करकरणाऱ्या फळीवर खडूने खूण केली, झग्याची उसवलेली शिवण टाचली, वाचनाच्या पानांत फिती घातल्या.

"अक्का, ही उपासना आहे, नाटक नाही," भाऊ कुरकुरला.

"तिकीट काढून येणाऱ्यांसाठी आम्ही महिना महिना घाम गाळायचा, आणि देवापुढे तू गबाळ्यासारखा उभा राहणार? वा रे वा!"

पाळक झगा चढवून तालमीला उभा राहिला.

खरी अडचण होती ती आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेची. अकरा नावं, आणि भाऊ कागद हातात धरायला तयार नाही. म्हणे आपल्या माणसांची आठवण काय कागद बघून काढायची? पहिलं नाव घेऊन तो थांबला. अक्कांनी चटकन दुसरं पुरवलं.

"विसरलो नव्हतो गं! त्या माणसासाठी प्रार्थना करत होतो."

"मग मला कळायचं कसं? किती सेकंद थांबणार ते सांग."

"त्याचे काय सेकंद असतात? पुरेसं होईपर्यंत. माझे डोळे मिटलेले असतील तर बोलू नकोस. उघडले, की समज अडलो."

रविवारी चर्च गच्च भरलं. पहिल्या बाकावर टेलरमास्तर, हाताची घडी घालून. गीतं झाली, वाचन झालं, प्रवचनही निभावलं. अक्का मनात म्हणाल्या, चला, गंगेत घोडं न्हालं, आता एवढी नावं पार पडली की सुटलो.

"बेकरीवाल्यांच्या आई," भावाने म्हटलं आणि डोळे मिटले. ही बाई अक्कांची शाळेतली मैत्रीण. पायांनी अधू होऊन पडलीय, आणि आपण वर्षभरात एकदाही गेलो नाही. देवा, तिला पुन्हा चालव रे, मी उद्याच्या उद्या जाते. अक्कांनी गच्च डोळे मिटले.

उघडले तेव्हा भाऊ त्यांच्याकडेच बघत होता. घामाघूम झालेला. किती वेळ, देव जाणे! अक्कांनी कागदाकडे पाहिलं. बोट कुठे, ओळ कुठे! तेवढ्यात त्याने कुठली नावं घेतली, कुठली राहिली, काही उमजेना. बत्तीस वर्षांत हे पहिल्यांदा, आणि तेही सख्ख्या भावाच्या वेळेला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भावाने एक श्वास घेतला. "मंडळी, मला पुढची नावं आठवत नाहीत," तो म्हणाला. "तुमच्या घरी कोण आजारी आहे, तुम्हीच सांगा."

मग मागून एक आवाज आला, "माझी बायको." खिडकीजवळून, "आमचा धाकटा." मग कुणाची सासू, कुणाचा मामा, शेजारच्या घरातली एकटी म्हातारी. अकराचा आकडा कधीच मागे पडला. प्रत्येक नावानंतर भाऊ डोळे मिटून थांबायचा, आणि सगळं चर्च त्याच्यासोबत थांबायचं.

शेवटी टेलरमास्तर उठले. अक्कांचा जीव मुठीत. आता हा बाबा इथेच निकाल लावणार!

"माझे डोळे," मास्तर म्हणाले. "सुईत दोरा ओवता येत नाही. सहा महिने झाले. घरीसुद्धा सांगितलेलं नाही." त्यांची बायको शेजारीच होती, ती बघतच राहिली.

उपासना संपली तसे मास्तर मागच्या खोलीत आले. अक्का तिथे भावाचा हात धरून बसल्या होत्या.

"पाळकसाहेब," मास्तर घसा खाकरून म्हणाले, "नवा पाळक आणला असता तर मी आज उठलो नसतो. पुढच्या रविवारी तुम्हीच या."

भाऊ लहान पोरासारखा रडायला लागला, आणि त्याला गप्प करता करता अक्काही.